बडी चाचीचा राहण्याचा परवाना

पृथ्वी ही सर्व मानवजातीची आहे आणि तिच्यावर कुठेही जाऊन राहण्याचा माणसाला जन्मसिद्ध हक्क आहे, असं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात अध्यक्षांनी सांगितलं, तेव्हा मी रंगमंचाच्या कडेला पडद्याची दोरी धरून उभा होतो. अध्यक्षांच्या डोक्याला फेटा होता, हातात नारळ होता आणि शेजारच्या शेतकऱ्यानं बांध वीतभर सरकवला म्हणून नेवाशाच्या कोर्टात त्यांचा दावा चालू होता. टाळ्या झाल्या. मी दोरी सोडू शकत नसल्यामुळे मान हलवली. त्याच आठवड्यात बडी चाचीचा अर्ज मुंबईच्या वकिलातीतून नामंजूर होऊन परत आला.

बडी चाची म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची एकुलती मुलगी त्याच्याही आधी, दोन वर्षांची असताना, देवीच्या साथीत गेली. त्यानंतर ती आमच्याच घरात राहिली, आणि राहिली म्हणजे आश्रित म्हणून नव्हे. घोडेगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात आमचं घर तिच्या आवाजावर चालत असे. माझे वडील पन्नाशीला आले तरी भावजय ओट्यावर आली की विडी पाठीमागे लपवत. घरात आम्ही दखनी बोलत होतो, पण चाचीचं बोलणं निम्म्याहून जास्त गावचं मराठीच होतं. रागावली की ती पूर्ण मराठीत जाई.

सर्वांत धाकटे ते छोटे चाचा, म्हणजे तिचे दीर. ते साखर कारखान्यात फिटर होते. तिथून एका ओळखीच्या माणसाच्या मागोमाग आखातातल्या एका देशात गेले. गावात त्या सगळ्या मुलखाला सरसकट अरबस्तान म्हणत. पाठोपाठ माझ्या फुफीचे, म्हणजे आत्याचे, दोन मुलगे गेले. मग छोट्या चाचांनी बायको आणि दोन्ही मुलं नेली. ही मुलं जन्मापासून बडी चाचीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. धाकटा तर तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसे. मुलं गेल्यावर चाचीच्या स्वयंपाकात मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. आमच्या घरात हे शोकप्रदर्शनच समजलं जाई.

मग छोट्या चाचांचं पत्र आलं. घर मोठं मिळालं आहे, तिसरं मूल व्हायचं आहे, भाबीला पाठवून द्या, राहण्याचा परवाना काढा, बाकी सगळं मी बघतो. पत्र मीच वाचून दाखवलं. चाचीनं ते दोनदा वाचायला लावलं, आणि पुढच्या बाजाराला आपल्या सहाही शेळ्या घोडेगावला नेऊन विकल्या. परवाना मिळायचा आहे अजून, असं वडील म्हणाले. ती म्हणाली, मिळाल्यावर शेळ्या विकत बसले तर आगबोट थांबणार हाय का?

मी नगरला शाळेत मास्तर होतो, इंग्रजी शिकवत होतो, आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही देशाचा कुठलाही अर्ज मला भरता येतो असा गावाचा समज होता. मी त्याला धक्का लावला नव्हता. पासपोर्ट निघाला. पोलीस चौकशीला आलेल्या जमादाराला चाचीनं इतके प्रश्न विचारले की चौकशी नेमकी कोणाची झाली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मग परवान्याचा अर्ज. त्यात नात्याचा रकाना होता. मी सचोटीनं लिहिलं: दिराची भावजय, विधवा.

या सचोटीला सरपंचांनी गोल शिक्क्याचा दाखला जोडला. सदर बाई गावातील अत्यंत प्रतिष्ठित असून त्यांच्या जाण्याने गावाची अपरिमित हानी होणार आहे, असं त्यात होतं. जाऊ देण्यासाठी हे कितपत उपयोगी पडेल अशी मला शंका होती, पण सरपंचांनी मजकूर स्वतः केला होता. आमदारांचं पत्रही मिळालं. या बाईंना मी व्यक्तिशः ओळखतो, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि संपूर्ण पत्रात चाचीचा उल्लेख 'सदर गृहस्थ' असा केला होता. एकंदर गठ्ठ्यावर इतके शिक्के होते की पोस्टातल्या माणसानं तो दोन्ही हातांनी घेतला.

परत आलेल्या कागदावर एकच ओळ होती. राहण्याचा परवाना फक्त पत्नी, मुलं आणि आईवडील यांना मिळतो.

गावात सगळ्यांनी यावर एकच उपाय सांगितला. त्यात काय, आई लिहा. सरपंच म्हणाले, दाखला मी देतो. तलाठ्यानंही हरकत नाही असं सुचवलं. छोट्या चाचांची खरी आई, म्हणजे माझी आजी, त्यांच्या जन्मानंतर आठवड्याच्या आत गेली होती. ती येऊन तक्रार करणार नव्हती. मलाही, खरं सांगायचं तर, यात फार गैर वाटलं नाही. शाळेच्या दाखल्यांत निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. त्यात आणखी एका खोट्यानं काय बिघडणार होतं? मी कोरा अर्ज घेऊन गावी गेलो आणि चाचीला समजावून सांगितलं.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"त्याला आई हाय," ती म्हणाली. "कबरस्तानात हाय, पण हाय. तिला खोडून तिथं मी बसू? सासू हुती माझी. वर भेटंल तवा काय तोंड दावू?"

वडिलांनी, वर त्या दोघी भेटतील तेव्हा विषय निघेलच असं नाही, अशा अर्थाचं काही सांगून पाहिलं. चाचीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि विडी पाठीमागे गेली. खोटा अर्ज करायचा नाही. खरा तर नामंजूर झालेला. शेळ्या विकलेल्या. मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, आता काय, मुंबईला जाऊ. त्यो न्हाई म्हणाला म्हणून काय, बाजारातबी पहिल्यांदा सगळे न्हाईच म्हणतात.

मी तिला सांगितलं की हा बैलबाजार नाही, परराष्ट्राची वकिलात आहे. घोडेगावच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात आणि वर आभाळाकडे बघत असतात. चाची म्हणाली, तुझा अर्ज त्यो रुमाल हाय. खाली हात कुनी घातलाच न्हाई.

आम्ही निघालो. ते दुष्काळाचं, बहात्तर साल होतं. नगर सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी फोडणारी माणसं बसलेली, त्यात शेतकरी होते, तांबोळी होते, आमच्या शाळेतून गेलेली मुलंही होती. सुप्याला एसटी थांबली तेव्हा चहा मिळाला, पाणी मागितल्यावर मालकानं चहाच परत भरून दिला. चाचीनं माझ्या आईचा बुरखा मुंबईसाठी उसना घेतला होता. तो पुण्यापर्यंत अंगावर टिकला. पुढे तिनं त्याची घडी करून पिशवीत ठेवली आणि लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला.

वकिलात तिसऱ्या मजल्यावर होती. बाहेर गणवेशातला एक दरवान, ज्याच्या खांद्यावरच्या सोनेरी झिरमिळ्या आमच्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखालाही नव्हत्या. आत छताला एक भलं मोठं काचेचं झुंबर, आणि ते लागत नसल्यामुळे त्याच्या शेजारी ट्यूबलाइट. भिंतीवर राजेसाहेबांची तसबीर अशी लावली होती की बसलेल्या प्रत्येक माणसाला ते आपल्याकडेच संशयानं बघताहेत असं वाटावं. आम्हाला बसायला जागा मिळाली नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

खिडकीवरचा कारकून हैदराबादचा होता. जाकिट घातलेला, सभ्य, थकलेला माणूस. त्यानं आमचा गठ्ठा ओळखला. सरपंचांचा दाखला हातात धरून तो बराच वेळ बघत राहिला आणि हे कोणतं खातं आहे असं त्यानं विचारलं. मग नियम सांगितला. मी इंग्रजीत बोललो, एकत्र कुटुंबाची कल्पना मांडली, आपल्याकडे भावजयीला कसं आईच्या जागी मानतात ते सांगितलं. तो म्हणाला, साहेब, मानतात ते मला ठाऊक आहे, मीही मानतो, पण मानण्याचा रकाना नाही. मग तो चाचीकडे वळून समजुतीच्या सुरात दखनीत बोलला, त्याचा अर्थ असा: बाई, दीर म्हणजे शरियतमध्ये परका पुरुष. परक्याच्या घरी राहायला विधवा बाईला परवाना कसा द्यायचा? हे तुमच्याच अब्रूसाठी आहे.

"परका?" चाची म्हणाली. आवाज मराठीत गेला होता. "कोन परका? दीड वरीस अंगावर पाजलाय मी त्याला."

मी घसा खाकरला. अशा गोष्टी पुरुषांसमोर बोलत नाहीत आणि कागदावर तर मुळीच लिहीत नाहीत. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आजी गेली तेव्हा चाचीची मुलगी तान्ही होती. मग तिनं दोघांनाही पाजलं. आमच्यात एकाच बाईचं दूध प्यालेल्यांची लग्नं होत नाहीत, हेही घरातल्या पोरासोरांना माहीत होतं. पण ते ज्ञान लग्नं मोडायला उपयोगी पडतं असाच आमचा अनुभव होता. त्यावर आगबोटीचं तिकीट निघू शकेल असं वडिलांच्या, सरपंचांच्या किंवा दोन विषयांत पदव्या घेतलेल्या माझ्या मनात आलं नव्हतं.

कारकुनाचं पेन थांबलं. "फिरून सांगा," तो म्हणाला.

चाचीला वाटलं त्याला कमी ऐकू येतं. तिनं तेच वाक्य अशा आवाजात सांगितलं की झुंबर किणकिणलं. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या, दरवानानं आत डोकावलं. कारकून उठला, आतल्या खोलीत गेला आणि बाहेर आला तो हातात खुर्ची घेऊन. ती त्यानं चाचीसाठी मांडली. मी उभाच होतो.

थोड्या वेळानं आत बोलावणं आलं. मोठ्या टेबलामागे पांढऱ्या झग्यातले वयस्कर अधिकारी बसले होते, बोटांत जपमाळ. ते अरबीत बोलले, कारकुनानं आमच्या बोलीत आणलं. दूध पाजलं असेल तर ती कायद्यानं आईच. पण त्यासाठी एक विचारणं भाग आहे. किती वेळा पाजलं?

चाची माझ्याकडे वळली. "ह्यो काय इचारतो?"

मी जमिनीकडे बघत तेच परत सांगितलं.

"ह्याला आई न्हवती का?" ती म्हणाली. "मोजून पाजतं का कुनी?"

हे भाषांतर करण्याआधी कारकुनानं थोडा विचार केला. त्याच्या अरबी वाक्यात फारच कमी शब्द होते. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि बोटं वर केली. पाच वेळा तरी पाजलं होतं का? तेवढं पुरतं.

"पाच?" चाची म्हणाली. "पाच तर एका रातीत व्हायचे."

यावेळी कारकुनानं शब्दाला शब्द सांगितला असावा, कारण अधिकाऱ्यांनी जपमाळ टेबलावर ठेवली आणि ते हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागले. मग त्यांनी सांगितलं की नवा अर्ज करा, नातं स्पष्ट लिहा, आणि तुमच्या शहराच्या काझींसमोर साक्षी नोंदवून त्यांचा दाखला आणा. दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बाया. जिना उतरताना चाची म्हणाली की भाव तुटायला लागला. मी तिला दुरुस्त केलं नाही.

साक्षीदार मिळवणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट. पण ठाऊक असणं आणि काझीसाहेबांपुढे बसून ते सांगणं यांत आमच्याकडे मोठं अंतर आहे. वडील त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होते. ते म्हणाले, मी बघितलं असं लिहून देऊ? भावजय आहे माझी, लोक काय म्हणतील? लोक त्यांच्यासमोरच ओट्यावर बसलेले होते आणि त्यांचंही तेच मत पडलं. गावातले जेवढे म्हातारे पुरुष होते त्यांतल्या एकानंही आयुष्यात कधी त्या घराकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, असं त्या दिवशी निष्पन्न झालं.

बायकांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी आपापसांत ठरवून खडीच्या कामावरचा एक दिवस बुडवला, कांदे नेणारा एक टेम्पो रिकामाच नगरला चालला होता तो अडवला, आणि सकाळी मी काझीसाहेबांच्या दारात पोचलो तेव्हा टेम्पोतून चाचीबरोबर आमच्या मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्या, शेजारच्या पाटलांची साठीला आलेली थोरली सून, आणि जिच्या हातांवर आमचं निम्मं गाव जन्मलं ती सुईण अशा उतरत होत्या. त्यांच्या मागून वडील, ओढून आणल्यासारखे, आणि मोहल्ल्यातलेच म्हातारे तांबोळी, ज्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून होती.

काझीसाहेब बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी दोन्ही म्हाताऱ्यांच्या साक्षी घेतल्या आणि अंगठे उठवले. पाटलांची सून आणि सुईण मुसलमान नसल्यामुळे त्यांच्या साक्षी किताबाप्रमाणे नोंदवायच्या नव्हत्या, पण ऐकल्या त्यांनी त्याच सगळ्यात मन लावून. सुईणीनं सांगितलं, उजव्या मांडीवर ह्यो, डाव्या मांडीवर पोरगी. ह्यो लई खादाड हुता, पोरीच्या वाटनीचं बी प्यायचा. हे ऐकताना चाची एकदम उठून दाराशी गेली आणि बाहेर टेम्पोवाल्याला उगाच काहीतरी विचारत उभी राहिली. तिची मुलगी त्या दिवसापर्यंत माझ्यासमोर कुणाच्या बोलण्यात आलेली मला आठवत नाही. सुईणीनं तिला परत हाक मारली नाही. काझीसाहेबांनीही दौतीचं झाकण लावलं, उघडलं, आणि चाची येऊन बसेपर्यंत पुढचा प्रश्न विचारला नाही.

मग पुरुषांची पाळी आली. वडिलांनी, आपण काही पाहिलं नाही पण सगळं माहीत आहे, असं निवेदन केलं. काझीसाहेब तांबोळींकडे वळले.

तांबोळी म्हणाले, "साहेब, त्यांची अन् माझी भिंत एक. आई मेल्यावर ते पोरगं तीन राती रडलं. मग एका राती गप झालं. कशानं गप झालं ते काय मी भिंतीवर चढून बघू?"

काझीसाहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले की घराघराला आणि मोहल्ल्याला जे सर्रास माहीत असतं, त्याला डोळ्यांनी पाहिल्याची सक्ती नाही. तसं किताबात होतं की त्यांच्या मनात होतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी सुरेख अक्षरात दाखला लिहिला. वडिलांनी सही केली. तांबोळींनी अंगठा दिला आणि दुसऱ्या हातानं काझीसाहेबांना पान दिलं.

अर्ज गेला. या वेळी सरपंचांचा दाखला मी जोडला नाही. ते आजतागायत समजतात की काम त्याच्यामुळेच झालं. पावसाळ्याचे म्हणवले जाणारे दिवस कोरडेच गेले. छोट्या चाचांकडे तिसरं मूल झालं, मुलगी, त्याची तार आली. चाचीनं तार घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेकडे तोंड करून तांदूळ निवडायला बसू लागली. निवडायला घरात तेवढे तांदूळ नव्हते. ती निवडलेलेच पुन्हा निवडत असे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना मंजुरी आली. चाचीनं विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं, नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलंय, आणि त्याच्यापुढे कंसात 'दूध'.

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "कंसात हाय न्हवं? मग सासूबाईंची जागा सासूबाईंलाच ऱ्हायली."

आगबोटीवर पोचवायला आम्ही सात जण मुंबईला गेलो. तिच्या सामानात बाजरीचं पीठ, कुरडया, लाल मिरच्या आणि एक वरवंटा होता. पाटा तिथं कुठलाही चालेल, पण वरवंटा हाताचा लागतो, असं तिचं म्हणणं होतं. कस्टमच्या माणसानं तो दगड दोनदा वजन करून पाहिला. शिडीवर ती एकदाच वळली, वडिलांकडे बघून काहीतरी ओरडली. वाऱ्यात ते ऐकू आलं नाही, पण वडिलांनी हातातली विडी टाकून दिली.

पोचल्याचं पत्र महिन्याभरानं आलं. मूल तिच्या मांडीवर आहे, धाकटा पुन्हा तिच्याच हातचं खातो, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्यानं परवाना वाचून उभं राहून तिला सलाम केला, असं छोट्या चाचांनी लिहिलं होतं. वडिलांनी ते पत्र ओट्यावर तीन वेळा वाचून घेतलं. सरपंचांनी ग्रामसभेत मातृत्व या विषयावर भाषण केलं. मातृत्वाला देशाच्या सीमा नसतात आणि काळाचं बंधन नसतं, असं ते म्हणाले, आणि या वेळी मीही टाळ्या वाजवल्या.

परवाना एका वर्षाचा होता. नूतनीकरणाच्या वेळी तिथल्या कचेरीनं ती अजूनही छोट्या चाचांची आई असल्याचा ताजा दाखला मागितला, आणि काझीसाहेबांनी तो रजिस्टर टपालानं पाठवला.